पिवळा कितवा?

“पाण्यात काही खोट नाही. मग मासे का मरतात?”

याकूबबाबांनी वर पाहिलं नाही. त्यांच्या हातात चुन्याचा कुंचला होता आणि पुढ्यात गुडघ्याएवढा एक दगड.

“बाबा, तुम्हाला विचारतोय मी.”

“ऐकलं.”

कुंचला दगडावरून फिरत राहिला.

विचारणारा होता भालचंद्र मयेकर. वय एकसष्ट. एका मोठ्या शहराच्या पाणीपुरवठा खात्यात रसायनतज्ज्ञ म्हणून त्यानं सारा जन्म काढला होता. नळाचं पाणी नुसतं हुंगून त्यात क्लोरीन किती हे तो सांगायचा, आणि प्रयोगशाळेचा आकडा नंतर तोच निघायचा. हाताखालची माणसं त्याला वचकून असत. ‘मला सगळे फसवतील, पाणी नाही फसवणार,’ असं तो निरोपसमारंभात म्हणाला होता, आणि ते खरंच आहे असं त्याला वाटत होतं.

आता तो खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका काळ्या कातळावर उभा होता. ओहोटीला इथवर चालत येता येतं. भरतीला चारी बाजूंनी पाणी. कातळावर एका पिराची छप्पर नसलेली कबर, एक झोपडी, आणि तिच्यामागे ओळीनं मांडलेले पांढरे दगड. एवढंच. झाड नाही, गवत नाही.

कातळाच्या पश्चिमेचं पाणी इतकं नितळ की घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे लांबलांबून इथे कॅन भरायला येत. भालचंद्राला हे एका मासेविक्या दुकानदारानं सांगितलं होतं. दुकानदार आणखीही एक गोष्ट बोलला होता : भरण्याआधी बाबांना विचारा.

भालचंद्र तेव्हा हसला होता. आल्या आल्या त्यानं पिशवीतून काचनळ्या काढल्या, समुद्राचं पाणी तपासलं, खारटपणा मोजला, आकडे वहीत टिपले, मग दोन्ही कॅन भरले. विचारलं नाही.

विचारलं ते फक्त माशांचं.

“माझी टाकी पाच फुटांची आहे,” तो म्हणाला. “रोज सकाळी पाणी तपासतो. अमोनिया शून्य. तापमान अर्ध्या अंशानं हलत नाही. असं पाणी दवाखान्यात सापडायचं नाही. तरी मासे टिकत नाहीत.”

“किती गेले?”

“एकोणीस.”

“केव्हापासून?”

“वर्ष होऊन गेलं.”

बाबांनी कुंचला बादलीत बुडवला. ऐंशीच्या पुढचा माणूस. तरुणपणी गलबतावर खलाशी होते म्हणे, आता या पिराची देखभाल करत. कातडी उन्हानं इतकी रापलेली की चुन्याचे शिंतोडे तिच्यावर चांदण्यांसारखे दिसत होते.

“हे दगड कुणाचे?” भालचंद्रानं विचारलं. गप्प बसणं त्याला जमत नसे.

“दर्यानं आणून टाकलेल्यांचे.”

“नावं नाहीत एकावरही.”

“दर्या नावं देत नाही.”

“मग तुम्ही दरवर्षी चुना कशासाठी लावता? कुणाचे कोण, तेही ठाऊक नाही तुम्हाला.”

“मेलेत, एवढं ठाऊक आहे.”

वारा पडला होता. दुपारचे साडेतीन. ऊन पांढरं, समुद्र पांढरा, दगड पांढरे. कातळाच्या फटीफटीतून खेकडे डोळे काढून बसले होते.

“मेलेले मासे कुठे ठेवलेस?” बाबांनी विचारलं.

“ठेवले म्हणजे?”

“मेले ना? मग गेले कुठे?”

“कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत.”

“कुणी पाहिलं?”

“कुणी नाही. आई उठायच्या आत काढून टाकतो.”

“आणि मग?”

“मग दुकान उघडलं की तसाच दुसरा आणतो. तोच रंग, तेच माप. टाकीचा दिवा मी अकरापर्यंत लावत नाही. अकराला आई वेताच्या खुर्चीत येऊन बसते, तोवर सगळे जागच्या जागी असतात.”

हे सांगताना भालचंद्राच्या आवाजात थोडा अभिमानही होता. काम चोख होतं. टाकीत आठ मासे होते, आणि वर्षभरात आईनं एकदाही सात मोजले नव्हते. दोन केशरी, अंगावर पांढऱ्या पट्ट्यांचे. एक निळा. चार चिमुकले हिरवट. आणि एक चपटा, हळदीसारखा पिवळा. आईचा सगळ्यात लाडका. त्याला ती नुसतं ‘पिवळ्या’ म्हणायची.

“आईला सांगितलं नाहीस.”

“तिचं वय चौऱ्याऐंशी आहे. हृदयाचं ऑपरेशन झालंय. तिला कशाला त्रास?”

“मासे मरताना काय करतात?”

भालचंद्रानं कॅनचं झाकण घट्ट केलं. हा प्रश्न एकाही दुकानदारानं विचारला नव्हता.

“कोपऱ्यात जातात,” तो म्हणाला. “मागच्या, उजव्या. भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. हलत नाहीत. खायला टाकलं तरी वळत नाहीत. दोन दिवस… मग गेलेले असतात.”

“सगळे?”

“सगळे. रोग म्हणावा तर अंगावर खूण नाही. आणि…”

“बोल.”

“नवा मासा आणला ना, तो बिचारा कुठल्या समुद्रातून आलेला. त्याला काय माहीत? पण काही आठवड्यांत तोही त्याच कोपऱ्यात. तसाच. भिंतीकडे तोंड. जणू कुणी पलीकडून हाक मारतंय.”

शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निसटलं. शास्त्राच्या माणसाला न शोभणारं. त्यानं घाईनं चष्मा काढून पुसला.

“भिंतीपलीकडे काय आहे?”

“खोली.”

“कुणाची?”

“धाकट्या भावाची. उल्हासची. बंद असते.”

“तो कुठे असतो?”

“जहाजावर.”

हे उत्तर सहज आलं. शेजारी विचारत, नातेवाईक विचारत, बँकेतला माणूस विचारत असे. देऊन देऊन ते गुळगुळीत झालं होतं.

बाबांनी कुंचला खाली ठेवला. पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं.

“कुठल्या जहाजावर, बेटा?”

भालचंद्रानं समुद्राकडे पाहिलं. तिकडे काही नव्हतं. जहाज नाही, होडी नाही.

“कुठल्या जहाजावर?”

“…आता कुठल्याच नाही.”

मग त्यानं सांगितलं. उभ्यानं सुरुवात केली, आणि कधी खाली बसला ते त्याला कळलं नाही.

उल्हास त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. मालवाहू जहाजावर इंजिनीअर. लग्न केलं नव्हतं. सहा महिने समुद्रावर, तीन महिने घरी आईपाशी. शेवटच्या सुट्टीत त्यानंच ती टाकी आणली, खडक रचले, मासे सोडले. ‘आई, तू समुद्र सोडून या कोरड्या शहरात आलीस ना, घे, तुला घरात आणून दिला,’ म्हणाला. भालचंद्र कुरकुरला होता : खारं पाणी सांभाळणं म्हणजे पोरखेळ नव्हे. ‘भाई, तू आहेस की,’ असं म्हणून उल्हास निघून गेला.

गेल्या वर्षी आषाढात कंपनीचं पत्र आलं. खवळलेल्या समुद्रात डेकवरून पडला. चार दिवस शोधला. सापडला नाही.

पत्र आलं तेव्हा आई ऑपरेशन होऊन तिसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात होती. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस तिला कसलाही धक्का देऊ नका.

“आठ दिवस म्हणून गप्प बसलो,” भालचंद्र म्हणाला. “नवव्या दिवशी म्हटलं, घरी येऊ दे. घरी आली तर म्हणाली, उल्हासचा फोन कसा नाही? रविवारी चारला येतो ना त्याचा?”

त्यानं बोटानं कातळावरचं मीठ खरवडलं.

“मग?” बाबांनी विचारलं.

“मग रविवारी चार वाजता आला.”

गच्चीवर जाऊन, उल्हासचं घरी राहिलेलं सिम आपल्या फोनात घालून, त्याच्या नंबरावरून, त्याच्या आवाजात. दोघा भावांचे आवाज तसे जवळचे. उल्हासचा थोडा वरचा, थोडा हसरा, वाक्याच्या शेवटी ‘गं’ लांबवणारा. आईला कमी ऐकू यायचं. पहिल्या वेळी भालचंद्रानं सगळं कागदावर लिहून घेतलं होतं. दुसऱ्या वेळी कमी. दोन महिन्यांनी त्याला रविवारची वाट पाहावीशी वाटू लागली होती.

त्याच सुमारास पहिला पिवळा कोपऱ्यात गेला.

“गेल्या रविवारी,” भालचंद्राचा आवाज खाली आला, “मी दुकानात अडकलो. त्या दिवशी पिवळा दुपारी मेला, आई झोपलेली असताना; टाकीचा दिवा मालवून नवा घ्यायला गेलो होतो. रस्ता बंद, गाडी हलेना. फोन त्या गडबडीत घरी विसरलेला. पोचलो तेव्हा सहा वाजले होते. मनाशी जुळवत गेलो, उल्हासच्या जहाजाला रेंज नसेल म्हणून सांगू. आई टाकीसमोर बसली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, आज छान बोलला रे उल्हास.”

खेकडे आत गेले होते. एकही दिसत नव्हता.

“तिचा मोबाइल पाहिला मी. कुणाचाही फोन आला नव्हता. म्हटलं, वय झालंय, भास झाला असेल. विचारलं, काय म्हणाला? तर म्हणाली… म्हणाली, तो विचारत होता, पिवळा आता कितवा?”

“कितवा होता?”

“सहावा. माझ्या पिशवीत होता तेव्हा. बाबा, हे जगात मी सोडून कुणालाही माहीत नाही. मी कुणाजवळ चकार शब्द काढलेला नाही. दुकानदारसुद्धा दर वेळी वेगळा गाठतो मी.”

बाबांनी बादलीतला चुना ढवळला.

भालचंद्राची नजर दगडांच्या ओळीवर गेली होती. शेवटचा दगड बाकीच्यांहून नवा होता. कडा अजून झिजल्या नव्हत्या. तो त्याच्याकडे पाहत राहिला. विचारावं की विचारू नये…

“तो तुझा नाही,” बाबा म्हणाले.

“तुम्हाला कसं माहीत?”

“हे सगळे झोपलेत.”

भालचंद्रानं वही पिशवीत टाकली. तो उठला. कॅन उचलायला वाकला. मी इथे पाणी न्यायला आलो होतो, गंडादोरा बांधायला नाही, असं त्याला ठणकावून सांगायचं होतं. जन्मभर तो असल्या गोष्टींवर असाच ठणकावत आला होता.

“त्याचा आवाज काढ,” मागून बाबा म्हणाले.

“काय?”

“आईला ऐकवतोस तो. मला ऐकव.”

“कशाला?”

“तू विचारलंस ना, मासे का मरतात?”

भालचंद्रानं कॅन ठेवला. एका परक्या म्हाताऱ्यासमोर हे करायचं म्हणजे लाज वाटण्यासारखं होतं. पण तोंड उघडल्यावर लाज कुठल्या कुठे गेली.

“आई, मी बोलतोय गं… जेवलीस का? आमटी झाली का नीट? मी मजेत. इथे ऊन आहे नुसतं. भाई काय म्हणतो? अजून पाण्याच्या बाटल्या नाचवतो का? … येईन गं. दिवाळीला नाही जमायचं, पण येईन…”

त्याचा डावा हात मानेमागे गेला होता आणि तो केस चोळत होता. ही उल्हासची सवय. भालचंद्र असं कधी करत नसे. कधीपासून करायला लागला, हेही त्याला सांगता आलं नसतं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“आता त्याला उत्तर दे.”

“कुणी?”

“भावानं. तुझ्या आवाजात.”

भालचंद्रानं तोंड उघडलं.

“काय उत्तर देऊ गं…”

तो दचकला. हा त्याचा आवाज नव्हता. वरचा, हसरा. शेवटी लांबलेला.

त्यानं घसा खाकरला. पुन्हा बोलू लागला. “बाबा, हे काय…”

तोच आवाज. उल्हासचा.

त्यानं दोन्ही हातांनी गळा धरला. कातळावर आवाज नाही, वारा नाही. लाट फुटते तीसुद्धा कुठे तरी लांब, दुसऱ्याच्या घरात भांडं पडावं तशी. आपला आवाज कसा होता, हे आठवायचा तो प्रयत्न करू लागला. खात्यात लोक ज्याला वचकायचे, तो. आठवेना. एकसष्ट वर्षांचा माणूस स्वतःच्या आत सगळीकडे शोधत होता आणि त्याला नुसता उल्हास सापडत होता, हसणारा, येईन गं म्हणणारा.

बाबा मदतीला आले नाहीत. त्यांनी पुढच्या दगडाला चुना लावायला घेतला.

किती वेळ गेला कोण जाणे.

“उल्हास…” भालचंद्र म्हणाला. आणि थांबला. “उल्हास… गेला.”

आवाज चिरका होता. म्हातारा होता. पण त्याचा होता.

“पुन्हा,” बाबा म्हणाले.

“उल्हास गेला.”

“कुणाला सांगतोस?”

“तुम्हाला.”

“मला ठाऊक आहे.”

भालचंद्र समुद्राकडे पाठ करून उभा राहिला. मग त्यानं खिशातून फोन काढला. आज रविवार, आणि चार वाजून गेले होते. फोनमध्ये दोन नंबर होते. बोट सवयीनं उल्हासच्या नंबराकडे गेलं. त्यानं ते मागे घेतलं आणि स्वतःच्या नंबरावरून लावला.

दोनदा वाजला. आईनं उचलला.

“भालू? आज तुझ्याच नंबरावरून?”

तो कातळावर बसला.

“आई…”

“बोल रे.”

“आई, उल्हास गेला.”

फोनमधून टाकीच्या मोटरीची घरघर ऐकू येत होती. आई टाकीजवळच्या पलंगावर असावी.

“केव्हा?” तिनं विचारलं.

“गेल्या वर्षी आषाढात. तू दवाखान्यात होतीस.”

“हं.” मग ती म्हणाली, “तेव्हाच वाटलं मला. तीन दिवस तू दाढी केली नव्हतीस. तुझ्या वडलांच्या वेळीसुद्धा तू दाढी केली होतीस.”

“तू काही बोलली नाहीस…”

“तू सांगशील म्हणून थांबले. तू सांगेनास. मग रविवारी फोन आला, आणि तू उल्हास होऊन मला विचारलंस, जेवलीस का? … काय बोलणार होते मी? एक पोर तर गेलंच होतं. दुसरं एवढ्या जिवानं समजूत घालत होतं.”

भालचंद्राला रडू फुटलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. तो असा रडला की कातळावरचे पक्षी उठले. आई फोनवर थांबून राहिली. मधूनच तिच्याही नाक ओढण्याचा आवाज येत होता.

“रड,” ती म्हणाली. “केव्हाची वाट बघतेय मी.”

मग तो शांत झाल्यावर म्हणाली, “आणि ते मासे आता आणू नकोस.”

“तुला माहीत होतं?”

“पहिल्या पिवळ्याच्या शेपटीला खाच होती रे. दुसऱ्याच्या नव्हती. तिसरा तर निम्मा होता पहिल्याच्या. मी तुला कसं सांगू? तू इतका धापा टाकत आणायचास. मग मी आपली दुपारी तुळशीपाशी जाऊन बसायची थोडी, गेलेल्यासाठी. पाच वेळा बसले पिवळ्यासाठी.”

“मी… मी टाकून द्यायचो त्यांना, आई. कचऱ्यात.”

“आता आहेत तेवढे सांभाळ. ते जातील तेव्हा जातील. मला दाखवून ने.”

“हो.”

“पाणी मिळालं चांगलं?”

“हो.”

भालचंद्रानं डोळे पुसले. छातीवरून काही तरी उतरलं होतं आणि तिथली जागा दुखत होती. एवढ्यात त्याच्या मनात आलं ते आलंच.

“आई, तो फोनवर मी होतो, हे तुला पहिल्यापासून माहीत होतं.”

“हो रे.”

“मग गेल्या रविवारी मी फोन केलाच नव्हता…”

“नव्हतासच.”

“तरी तू म्हणालीस, उल्हास बोलला.”

“बोलला ना.”

“कोण बोललं, आई?”

आईचा आवाज अगदी रोजचा होता. भाजी निवडताना बोलावं तसा.

“तू चारला बोलतोस, भालू. तो साडेचारला बोलतो.”

भालचंद्रानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुझ्या मोबाइलवर तर काही…”

“मोबाइल कशाला लागतो त्याला? … बरं, ठेव आता. चार-वीस झाले. मला पलंगावरून उठून खुर्चीपर्यंत जायला वेळ लागतो. अंधार व्हायच्या आत ये.”

फोन बंद झाला.

बाबा उठले होते. त्यांनी बादलीतला उरलेला चुना झाकून ठेवला, हात धुतले, आणि एक कॅन स्वतः उचलला.

“चल. पाणी चढायला लागलं.”

दोघे कातळावरून उतरले. मघाशी कोरडी असलेली वाट आता घोट्याएवढ्या पाण्याखाली गेली होती. बाबा पुढे, भालचंद्र मागे. पाणी कोमट होतं आणि इतकं स्वच्छ की तळाचे शिंपले मोजता यावेत. पश्चिमेकडून ते येत होतं, आवाज न करता, काही तरी घेऊन आल्यासारखं.

अर्ध्या वाटेत भालचंद्र थांबला.

“बाबा, तिच्याशी कोण बोलतं?”

बाबा चालत राहिले.

“मासे त्या कोपऱ्यात काय ऐकतात?”

बाबा थांबले. पण त्यांनी मागे पाहिलं नाही. भालचंद्रानं घड्याळाकडे पाहिलं. साडेचार वाजत होते. चहूकडचं पाणी एकाएकी स्थिर झालं. त्याच्या हातातल्या कॅनमध्ये मात्र ते थरथरू लागलं होतं, बारीक, एकसारखं. हात तर त्याचा हलत नव्हता.

“बाबा, मी विचारतोय, कोण—”

म्हाताऱ्यानं कॅन हळूच पाण्यात टेकवला आणि ओठांवर बोट ठेवलं.

“हळू, बेटा,” ते म्हणाले. “तो बोलतोय.”